बाळाच्या हृदयाचे व छातीचे जन्मजात दोष : पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

‘बाळाच्या हृदयाला छिद्र आहे’ हे वाक्य कानांवर पडल्यानंतर डॉक्टर पुढे जे सांगतात, ते बहुतेक आईवडिलांना ऐकू येते, पण मनात उतरत नाही. घरी परतल्यावर, बाळ झोपल्यावर एकेक प्रश्न उभा राहतो आणि तेव्हा विचारायला कोणी समोर नसते. बालहृदयरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात वर्षानुवर्षे ऐकत आलेले असे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बाळाला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा ही उत्तरे घेऊ शकत नाहीत. मात्र त्यांच्याकडे जाताना काय विचारायचे, हे यातून निश्चित समजेल.

जन्मजात हृदयदोष म्हणजे नेमके काय?

हृदयाची घडण पोटातच अपुरी किंवा वेगळी झाली, तर त्याला जन्मजात हृदयदोष म्हणतात. गर्भधारणेनंतर साधारण २२व्या दिवशी एका साध्या नळीसारखे असलेले हृदय धडधडू लागते. पुढच्या काही आठवड्यांत ही नळी वळते, तिच्यात पडदे तयार होतात, झडपा बसतात आणि आठवा आठवडा संपेपर्यंत चार कप्प्यांचे हृदय जवळजवळ पूर्ण झालेले असते. एखादा पडदा पूर्ण न जुळणे, झडप अरुंद राहणे किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल होणे, हे सगळे याच काळात घडते. त्या वेळी अनेक स्त्रियांची जेमतेम पाळी चुकलेली असते. म्हणून सातव्या महिन्यात जिना चढल्यामुळे, आठव्या महिन्यात प्रवास केल्यामुळे किंवा डोहाळेजेवणात काही खाल्ल्यामुळे बाळाच्या हृदयाला छिद्र पडले, असे होऊच शकत नाही. तेव्हा हृदय केव्हाच घडून झालेले असते.

असे दोष किती बाळांमध्ये आढळतात?

जिवंत जन्मलेल्या दर १,००० बाळांपैकी साधारण ८ ते ९ बाळांमध्ये, म्हणजे ढोबळमानाने शंभरात एका बाळामध्ये. जन्मजात व्यंगांमध्ये हृदयाचे दोष सर्वांत अधिक आढळतात. भारतात दरवर्षी २ लाखांहून अधिक बाळे असा दोष घेऊन जन्माला येतात आणि त्यांतील सुमारे एकपंचमांश बाळांना पहिल्याच वर्षी शस्त्रक्रियेची किंवा तत्सम उपचाराची गरज भासते, असा अंदाज आहे. उरलेल्यांपैकी अनेकांचा दोष किरकोळ असतो. काहींचा तर मोठेपणी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतो.

‘छिद्र’ म्हणतात ते कुठे असते? सगळी छिद्रे सारखीच का?

नाही. त्यामुळे ‘छिद्र आहे’ एवढ्या माहितीवर घरी परतू नये. छिद्र कोणत्या पडद्यात आहे, किती मिलिमीटरचे आहे आणि त्याचा फुप्फुसांवर ताण येतो आहे का, ही तीन उत्तरे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावीत.

हृदयाच्या उजव्या बाजूला शरीरातून आलेले अशुद्ध रक्त असते आणि डाव्या बाजूला फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त. या दोन्हींमध्ये भिंत असते. खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत छिद्र असेल, तर त्याला व्हीएसडी म्हणतात. हा सर्वांत नेहमीचा दोष आहे. वरच्या दोन कप्प्यांमधल्या छिद्राला एएसडी म्हणतात. पीडीए हे खरे तर छिद्र नव्हे. पोटात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही, म्हणून फुप्फुसांकडे निघालेले बरेचसे रक्त एका आखूड वाहिनीतून परस्पर महारोहिणीत, म्हणजे हृदयातून शरीराकडे जाणाऱ्या मुख्य वाहिनीत, वळवलेले असते. जन्मानंतर पहिले रडणे झाले, फुप्फुसे फुगली, की या वाहिनीचे काम संपते आणि ती दोन-तीन दिवसांत आकसून बंद होते. ती उघडी राहिली, तर त्या स्थितीला पीडीए म्हणतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हे बरेचदा दिसते आणि त्यांतील अनेकांची ही वाहिनी केवळ वाट पाहून किंवा औषधाने बंद होते.

या तिन्ही प्रकारांत डावीकडचे रक्त उजवीकडे जाते आणि फुप्फुसांत गरजेपेक्षा जास्त रक्त साचू लागते. बाळ निळे पडत नाही. ते धापा टाकते, दमते आणि त्याचे वजन वाढत नाही.

छिद्र आपोआप बुजते, असे शेजारच्या बाई सांगत होत्या. ते खरे आहे का?

काही छिद्रांबाबत अगदी खरे आहे आणि काहींबाबत त्यावर विसंबणे घातक आहे. खालच्या भिंतीच्या स्नायुमय भागातली लहान छिद्रे बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप बुजतात. वरच्या भिंतीच्या मधोमध असलेली लहान छिद्रेही पुष्कळदा बंद होतात. परंतु मोठी छिद्रे, झडपांना लागून असलेली काही छिद्रे आणि वरच्या भिंतीच्या अगदी कडेला असलेला एएसडी ही आपोआप बुजणारी नव्हेत. शेजारच्या बाईंच्या नातवाचे छिद्र बुजले, म्हणजे आपल्या बाळाचेही बुजेल, असे म्हणता येत नाही. बुजणाऱ्या छिद्राचीही ठरलेल्या तारखांना एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून खात्री करावी लागते.

काही बाळे निळी का पडतात?

ज्या दोषांत अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे न जाता शरीराकडे वळते, त्यांत निळसरपणा येतो. यांतला सर्वांत परिचित दोष म्हणजे टेट्रालॉजी ऑफ फॅलो. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, खालच्या भिंतीत मोठे छिद्र, महारोहिणी त्या छिद्रावर सरकलेली आणि उजवा कप्पा जाड, अशा चार गोष्टी त्यात एकत्र असतात. फ्रान्समधील डॉक्टर फॅलो यांनी १८८८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले.

आपल्याकडच्या सावळ्या बाळांमध्ये कातडीवरून निळेपणा ओळखणे कठीण असते. ओठांपेक्षा जीभ आणि हिरड्या पाहाव्यात, त्याही दिवसाच्या उजेडात. थंडीत किंवा आंघोळीनंतर तळहात, तळपाय निळसर दिसणे आणि जीभ मात्र गुलाबी असणे, हे तान्ह्या बाळांत स्वाभाविक आहे. जीभ जांभळट दिसली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

थोडी मोठी मुले स्वतःच यावर एक उपाय शोधून काढतात. एका नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आजी वारंवार होणाऱ्या डोकेदुखीसाठी घेऊन आली होती. दारापासून टेबलापर्यंत चालत आल्यावर तो खुर्चीवर न बसता जमिनीवर उकिडवा बसला. आजी म्हणाली, “लहानपणापासून असाच बसतो, शाळेतून येताना चार ठिकाणी बसतो.” त्याची नखे पुढून फुगीर, डमरूच्या टोकासारखी झाली होती. उकिडवे बसल्याने पायांकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीरातला दाब वाढतो आणि थोडे अधिक रक्त फुप्फुसांकडे ढकलले जाते, म्हणून त्याला बरे वाटत असे. त्याची ती सवय हेच निदान होते. नऊ वर्षांत कोणीतरी ते ओळखायला हवे होते, ही खंत अजूनही वाटते.

अशा बाळाला अचानक झटका आला, ते खूप रडून गर्द निळे पडू लागले, तर त्याला कुशीत घेऊन दोन्ही गुडघे छातीशी घट्ट दाबून धरावेत, शांत करावे आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोंडात पाणी किंवा औषध घालू नये. एक झटका येऊन गेला आणि बाळ पुन्हा हसू लागले, तरी रुग्णालयात जाणे टाळू नये.

घरी कोणत्या गोष्टींकडे लक्ष द्यावे?

सर्वांत आधी, बाळ दूध कसे पिते याकडे. तान्ह्या बाळाला दूध ओढणे म्हणजे मोठ्या माणसाने चढ चढण्याइतके श्रम असतात. हृदय कमजोर असेल, तर ते तिथेच उघडे पडते. निरोगी बाळ पंधरा-वीस मिनिटांत पोटभर पिऊन झोपी जाते. हृदयावर ताण असलेले बाळ चार घोट घेते, थांबते, धापा टाकते, पुन्हा तोंड लावते, दमून झोपते आणि अर्ध्या तासात भुकेने रडत उठते. पंखा सुरू असतानाही त्याच्या कपाळावर घाम डवरतो आणि टोपडे पुढच्या बाजूने ओले होते. ओले टोपडे ही खूण आयांनाच पहिल्यांदा दिसते आणि ‘अंगात उष्णता आहे’ म्हणून सोडून दिली जाते.

दुसरी गोष्ट श्वासाची. बाळ शांत झोपलेले असताना त्याच्या पोटावरचे कापड बाजूला करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास मोजले गेले, तर तो वेग जास्त आहे. ‘पोट उडते’, ‘बरगड्या आत ओढल्या जातात’ असे आपण ज्याला म्हणतो, तेही यातच आले.

वारंवार न्यूमोनिया होणे, महिनोन्महिने वजन न वाढणे, छातीची डावी बाजू पुढे आल्यासारखी दिसणे आणि हात लावला असता तिथे थरथर जाणवणे, याही खुणा आहेत. अंगणवाडीतील वजनाची नोंद असलेले कार्ड प्रत्येक भेटीला सोबत न्यावे. त्यावरची आडवी होत गेलेली रेघ पाहून डॉक्टरांना बरेच काही कळते.

डॉक्टरांना छातीत ‘मर्मर’ ऐकू आला. म्हणजे हृदयदोष आहेच का?

बहुतेक वेळा नाही. वाढत्या वयातील अनेक निरोगी मुलांच्या छातीत, विशेषतः ताप असताना, रक्ताच्या वाहण्याचा हलका आवाज ऐकू येतो. तो निरुपद्रवी असतो. याउलट काही गंभीर दोषांत आवाज मुळीच येत नाही. शंका असल्यास एको करावा. ती हृदयाची सोनोग्राफी असते, तिच्यात सुई नसते, किरणोत्सर्गही नसतो.

आमच्याच बाळाला हे का झाले? कोणाची चूक?

हा प्रश्न बहुधा आई विचारत नाही. ती गप्प असते आणि तिच्या बाजूला बसलेले कोणीतरी विचारते. म्हणून उत्तर स्पष्ट देणे भाग आहे : बहुतांश बाळांत कोणतेही एक कारण सापडत नाही आणि यात आईचा दोष नसतो. ग्रहणात भाजी चिरल्याने, सुई हातात घेतल्याने किंवा नजर लागल्याने हृदय बिघडत नाही.

ज्यांचा संबंध सिद्ध झालेला आहे, अशी कारणे वेगळी आहेत. काही दोष गुणसूत्रांतील बदलांशी जोडलेले असतात. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयदोष असतो, म्हणून अशा प्रत्येक बाळाचा एको करायलाच हवा. गर्भधारणेच्या आधीपासून आईला मधुमेह असणे आणि पहिल्या आठवड्यांत साखर ताब्यात नसणे, फिट्सची काही औषधे, लिथियम, मुरमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन, मद्य, यांमुळे धोका वाढतो. मात्र फिट्सचे औषध स्वतःहून बंद करणे त्याहून धोक्याचे आहे; मूल हवे असे ठरवतानाच डॉक्टरांशी बोलून ते बदलून घ्यावे.

गर्भारपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला, तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा आणि पीडीएसारखे हृदयदोष होऊ शकतात. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये हा संबंध प्रथम दाखवून दिला. आज यावर लस आहे आणि ती सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला लस म्हणून मोफत मिळते. ज्या मुलींना ती लहानपणी मिळाली नाही, त्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान एक महिना आधी ती घ्यावी. गरोदरपणात ती देत नाहीत.

जवळच्या नात्यातील लग्नांमध्ये हा धोका काहीसा वाढतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्या अनेक घरांत आहे. ती करणाऱ्या प्रत्येक जोडप्याच्या बाळाला दोष होतो असे नव्हे, पण एका बाळाला दोष आढळल्यावर पुढच्या खेपेला जनुकीय समुपदेशन घेणे शहाणपणाचे आहे.

पोटात असतानाच हे समजू शकते का?

बरेचसे गंभीर दोष समजू शकतात. १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान होणाऱ्या सोनोग्राफीत हृदयाचे चारही कप्पे आणि त्यांतून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्या पाहिल्या जातात. शंका आली, आईला मधुमेह असला किंवा आधीच्या बाळाला दोष असला, तर गर्भाचा एको करतात. तो साधारण १८ ते २४ आठवड्यांत उत्तम दिसतो. लहान छिद्रे पोटात दिसत नाहीत, त्यामुळे सोनोग्राफी चांगली होती म्हणजे दोष असूच शकत नाही, असे समजू नये.

निदान झाल्यावर घाईने निर्णय घेऊ नये. बालहृदयतज्ज्ञांकडून दोषाचे नाव, त्यावरचा उपचार आणि त्यानंतरचे मुलाचे आयुष्य याबद्दल सविस्तर ऐकावे. २०२१ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर, गर्भात गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांनंतरच्या गर्भपाताबाबत वैद्यकीय मंडळ निर्णय देते. परंतु या निदानाचा मोठा उपयोग वेगळाच आहे : बाळंतपण कुठे करायचे, हे आधी ठरवता येते. मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेले बाळ जिथे शस्त्रक्रिया होते त्याच शहरात जन्मले, तर त्याला नाजूक अवस्थेत शे-दोनशे किलोमीटरचा प्रवास करावा लागत नाही. पहिली बाळंतीण माहेरी जाते, ही आपली रीत. येथे ती बाजूला ठेवावी.

जन्मानंतर बाळाच्या पायाला लाल दिव्याचे यंत्र का लावतात?

ते पल्स ऑक्सिमीटर आहे. बाळ साधारण २४ तासांचे झाल्यावर त्याच्या उजव्या हाताचे आणि एका पायाचे ऑक्सिजनचे प्रमाण मोजतात. ते ९५ टक्के किंवा अधिक असेल आणि हात-पायांतला फरक ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तर चाचणी ठीक मानतात. ९० टक्क्यांच्या खाली असेल, तर लगेच पुढील तपासणी करतात. दोन मिनिटांची, न दुखणारी ही चाचणी आहे. तुमच्या प्रसूतिगृहात ती झाली नसेल, तर घरी जाण्यापूर्वी ती करण्याची विनंती करावी. त्यात कसलाही संकोच बाळगण्याचे कारण नाही.

हिची गरज का, तेही समजून घ्यावे. काही गंभीर दोषांत बाळाचा जीव त्या आखूड वाहिनीवर अवलंबून असतो, जी दोन-तीन दिवसांत बंद होते. तोवर बाळ ठणठणीत दिसते, घरी जाते आणि वाहिनी बंद होऊ लागताच काही तासांत खालावते. वेळेत कळले, तर प्रोस्टाग्लँडिन नावाचे औषध शिरेतून सतत देऊन ती वाहिनी उघडी ठेवतात आणि बाळाला शस्त्रक्रियेपर्यंत नेता येते.

एवढ्याशा जीवावर शस्त्रक्रिया? वजन वाढले की करू, असे घरचे म्हणतात.

या एका वाक्यामुळे किती मुलांची वेळ निघून जाते, हे वारंवार पाहावे लागते. मोठ्या छिद्रामुळेच वजन वाढत नसेल, तर ते छिद्र बंद झाल्याखेरीज वाढणार नाही. मोठा व्हीएसडी साधारण तीन ते सहा महिन्यांच्या आसपास बंद करतात. टेट्रालॉजीची पूर्ण शस्त्रक्रिया बहुधा सहा महिने ते एक वर्षाच्या दरम्यान होते. वाहिन्यांची अदलाबदल झाली असेल, तर ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच पूर्ववत करावी लागते, कारण त्यानंतर डाव्या कप्प्याची जोर लावण्याची सवय मोडते. एएसडीला मात्र सवड असते; बहुतेकदा तीन-चार वर्षांचे झाल्यावर तो बंद करतात. प्रत्येक बाळाची नेमकी वेळ त्याचे डॉक्टर ठरवतात.

मोठे छिद्र वर्षानुवर्षे तसेच राहिले, तर जास्तीच्या रक्ताच्या माऱ्याने फुप्फुसांतील वाहिन्या जाड आणि कडक होतात. एक वेळ अशी येते, की दाब उलटतो, अशुद्ध रक्त शरीराकडे वळते आणि आधी गोरेगुलाबी असलेले मूल निळे पडू लागते. याला आयसेनमेंगर अवस्था म्हणतात. त्यानंतर छिद्र बंद केले, तर रुग्ण दगावू शकतो. जी शस्त्रक्रिया पहिल्या वर्षी मूल बरे करू शकली असती, तीच तेव्हा करता येत नाही. या वाटेवर एक फसवा टप्पाही येतो : दाब वाढू लागला, की धाप आणि न्यूमोनिया कमी होतात, वजन थोडे भरते आणि घरचे म्हणतात, ‘बघा, आपोआप बरे झाले.’ त्या वेळी एको करणे सर्वांत निकडीचे असते.

लहान जीवावरील शस्त्रक्रियेची भीती स्वाभाविक आहे, पण हे शास्त्र नवखे नाही. बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये सात वर्षांच्या मुलीचा पीडीए बांधला. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका निळ्या बाळाच्या फुप्फुसाकडे रक्ताची नवी वाट काढण्यात आली. ती कल्पना हेलन टॉसिग यांची, हात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांचे. आणि त्यांच्यामागे उभे राहून टाक्याटाक्याला सूचना देणारे व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ होते, ज्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती, पण ज्यांनी प्रयोगशाळेत ही शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा करून पक्की केली होती. आज निळ्या बाळाला मिळणारा उपचार त्या दिवसापर्यंत मागे जातो.

छाती न उघडता छिद्र बंद होते का?

योग्य जागी असलेले एएसडी, बहुतेक पीडीए आणि काही व्हीएसडी जांघेतील शिरेतून नळी घालून, छत्रीसारखे उपकरण बसवून बंद करता येतात. मूल दोन-तीन दिवसांत घरी जाते आणि छातीवर व्रण राहत नाही. छिद्राला सर्व बाजूंनी पुरेशी कड नसेल, तर छत्री टिकत नाही आणि शस्त्रक्रियाच करावी लागते. ‘आम्हाला टाक्यांचे नको, छत्रीचेच हवे’ असा आग्रह पालकांनी धरू नये.

खर्च कसा पेलायचा?

दागिने विकण्यापूर्वी आणि कर्ज काढण्यापूर्वी सरकारी वाट पाहावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत तपासणी होते. हृदयदोष त्यात समाविष्ट आहे. दोष आढळलेल्या मुलाला जिल्हा रुग्णालयाकडे आणि तेथून शस्त्रक्रियेच्या रुग्णालयाकडे पाठवतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, जिला जुनी माणसे अजून ‘जीवनदायी’ म्हणतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि बाळाचा जन्मदाखला घेऊन प्रथम त्यांना भेटावे. बाळाचे नाव शिधापत्रिकेवर चढवलेले नसते, म्हणून पुष्कळ घरे अडखळतात; ते काम निदान होताच सुरू करावे. खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात.

शस्त्रक्रियेपर्यंत बाळाची काळजी कशी घ्यावी?

अंगावरचे दूध सुरूच ठेवावे. थोडे थोडे, पण वारंवार पाजावे. ओढताना फारच दमत असेल, तर काढलेले दूध वाटी-चमच्याने द्यावे. लघवीचे औषध दिले असेल, तर ‘सारखी लघवी होते’ म्हणून ते बंद करू नये, ते त्यासाठीच असते. सर्व लसी वेळेवर द्याव्यात. निळ्या बाळाला जुलाब-उलट्या झाल्या, तर पाणी कमी होऊन रक्त घट्ट होते आणि मेंदूत गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. धाप लागलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची प्रथा मेळघाटासारख्या भागांत अद्याप पूर्णपणे गेलेली नाही. ज्या आजीने ते केले, तिने मायेपोटीच केलेले असते; तिला रागावण्यापेक्षा बाळाचे श्वास मोजायला शिकवावे.

मुलाची छाती मध्ये खोलगट आहे. हृदयावर दाब येतो का?

छातीचे मधले हाड आत गेलेली ही ठेवण साधारण ३०० ते ४०० मुलांमागे एकात दिसते आणि मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये बरीच जास्त आढळते. बरगड्यांच्या कुर्च्यांची वाढ वेगळी झाल्याने हे होते. लहानपणी खळगा उथळ असतो आणि वयात येताना उंची वाढू लागली की खोल होतो. बहुतेकांना त्रास होत नाही. खळगा फार खोल असेल, तर हृदय डावीकडे सरकते आणि पळताना दम लागतो. तेव्हा सीटी स्कॅन, एको आणि श्वासाची चाचणी करून निर्णय घेतात. डोनाल्ड नस यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत बाजूच्या लहान छेदांतून वाकवलेली धातूची पट्टी हाडामागे सरकवून ते पुढे उचलतात आणि दोन-तीन वर्षांनी पट्टी काढतात.

छाती कबुतरासारखी पुढे आली असेल, तर वाढत्या वयात पट्टा वापरून पुष्कळदा सुधारणा होते. मात्र ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या मुडदूस रोगातही छाती अशी दिसते, म्हणून आधी ते तपासावे. या मुलांचे खरे दुखणे अनेकदा आत नसून बाहेर असते. पोहायला न जाणारा, उन्हाळ्यातही बनियन न काढणारा मुलगा काही बोलत नाही. त्याला व्यायामाचे धडे देण्यापूर्वी त्याचे ऐकून घ्यावे.

डायफ्रामचा हर्निया म्हणजे काय?

छाती आणि पोट यांच्यातील स्नायूच्या पडद्यात जन्मतः भोक राहिले, तर आतडी छातीत शिरतात आणि त्या बाजूचे फुप्फुस वाढू शकत नाही. साधारण २,५०० ते ३,००० बाळांमागे एकाला, आणि बहुतेक वेळा डाव्या बाजूला, हा दोष असतो. जन्मताच धाप लागते आणि पोट मात्र खपाटीला गेलेले दिसते. भोक शिवणे हा उपचाराचा सोपा भाग आहे. अविकसित फुप्फुसांना सांभाळणे हा कठीण. म्हणून बाळ स्थिर झाल्यावरच शस्त्रक्रिया करतात आणि दोन-तीन दिवस थांबणे हा हलगर्जीपणा नसतो. याचे निदानही सोनोग्राफीत होऊ शकते, आणि झाले असेल, तर बाळंतपण नवजात शिशू अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयातच करावे.

हृदय उजव्या बाजूला आहे, असे एक्स-रेत दिसले. काळजीचे आहे का?

पोटातले सर्व अवयवही आरशातल्यासारखे उलटे असतील, तर बहुधा काळजीचे नसते. केवळ हृदयच उजवीकडे असेल, तर आत दोष असण्याची शक्यता अधिक असते. एको करून एकदा स्पष्ट करून घ्यावे आणि ही नोंद मुलाच्या कागदपत्रांत कायम ठेवावी. पुढे कधी अपेंडिक्स डावीकडे दुखले, तर तिचा उपयोग होईल.

मुलगी आहे. छातीवर व्रण राहिला, तर पुढे लग्न कसे होईल?

हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो आणि त्यापायी मुलींची शस्त्रक्रिया लांबते, काहींची होतच नाही. न केलेल्या शस्त्रक्रियेचा परिणाम व्रणापेक्षा कितीतरी मोठा असतो. आयसेनमेंगर अवस्थेला पोहोचलेल्या स्त्रीसाठी गर्भारपण जीवघेणे ठरू शकते. याउलट ज्या मुलीचे छिद्र वेळेत बंद झाले, ती बहुधा इतरांसारखीच शिकते, पळते, कमावते आणि तिची इच्छा असेल, तर आईही होते. लग्न ठरवताना हे लपवू नये. गर्भारपणात तिच्या डॉक्टरांना हा इतिहास ठाऊक असणे तिच्या जिवासाठी आवश्यक असते.

शाळेत खेळ बंद करावेत का, असेही पालक विचारतात. बहुतेक मुलांना बंद करू नयेत. मुले दमली की स्वतः थांबतात. त्यांना थांबू द्यावे, एवढी सूचना शिक्षकांना द्यावी. झडपांचे काही दोष आणि हृदयाच्या ठोक्यांचे काही विकार यांत मात्र स्पर्धात्मक खेळ वर्ज्य असतात. दात रोज दोन वेळा घासावेत आणि किडू देऊ नयेत, कारण हिरड्यांतले जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोहोचून गंभीर संसर्ग करू शकतात. दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला हृदयदोषाची कल्पना द्यावी. टेट्रालॉजीसारख्या दोषांत शस्त्रक्रिया उत्तम झाली, तरी आयुष्यभर ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. वीस वर्षांनी झडप बदलण्याची वेळ येऊ शकते.

पुढच्या बाळालाही हाच दोष होईल का?

एका बाळाला दोष असल्यास पुढच्या बाळाला तो असण्याची शक्यता साधारण शंभरात दोन ते पाच असते. म्हणजे शंभरांपैकी पंचाण्णव किंवा त्याहून अधिक वेळा तो होत नाही. आईला किंवा वडिलांना स्वतःलाच दोष असेल किंवा कारण जनुकीय असेल, तर ही शक्यता वाढते. मूल हवे असे ठरल्यापासूनच फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू कराव्यात, साखर तपासावी, रुबेलाची लस झाली आहे ना ते पाहावे आणि सुरू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. दिवस राहिल्याचे कळताच पहिल्या भेटीतच आधीच्या बाळाचा एको अहवाल समोर ठेवावा, म्हणजे गर्भाच्या एकोची तारीख तेव्हाच ठरवता येईल.